आढीतला पियानो

चालू आरती देवासमोर आडवी पाडण्याची ताकद अख्ख्या रत्नागिरीत एकाच माणसाकडे होती, आणि ते नेमके आमचे आतोबा निघावेत हे आमच्या घराण्याचं नशीब. मुंबईच्या एका बड्या हॉटेलात ते जॅझ वाजवायचे. दारूबंदी आली, गिऱ्हाइकं आटली, बँड मोडला आणि आतोबा मांडवीला घरी परतले, ते पियानोसकट. बंदरात पडावातून तो उतरवताना खलाशांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घामाच्या धारा लागल्या तरी पंच्यावर हॉटेलातला काळा कोट चढवल्याशिवाय ते पियानोला हात लावत नसत, आणि कुठलीही चाल सरळ वाजवणं त्यांना अपमानास्पद वाटे. घरच्या गणपतीला त्यांनी एकदा आरतीला साथ केली. झांजा एकीकडे, टाळ्या दुसरीकडे, आणि भजनीबुवा समेच्या शोधात घामाघूम.

"काय ओ हे! देव अजून पाटावर हाय, तुमी त्याला आत्ताच नाचवताव?" बुवा कळवळले.

"नाचू दे की, बुवा. दीड दिवस बसून त्याचेही पाय आखडतात," आतोबा म्हणाले.

आत्या या कलेला 'ठोकाठोक' म्हणे. ते वाजवायला बसले की तिला हटकून पाट्यावर वाटण वाटायचं असे. वरवंटा आणि पियानो यांची ही जुगलबंदी ऐकून शेजारी खिडक्या लावून घेत. एका वैशाखात आतोबा देवरुखला मुंजीला गेले आणि आत्याला त्या पेटाऱ्याचा पहिल्यांदाच उपयोग सुचला. वरचं झाकण उघडून तिने आत पेंढा अंथरला आणि हापूसची आढी घातली. अंधार, ऊब, शिवाय माकडांची भीती नाही.

आतोबा परतले त्याच दिवशी त्यांचा जुना जोडीदार, सॅक्सोफोन वाजवणारा एक गोवेकर, आगबोटीतून उतरून दारात हजर. "कलकत्त्याच्या हॉटेलात जागा हाय मरे. आधी बोटं दाखव, मग चल." आतोबांनी कोट चढवला, हात उचलले आणि पियानोतून ठक् ठक् एवढाच आवाज आला. झाकण उघडून ते बघतच राहिले. गोवेकर पोट धरून हसला. आतोबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधीच पाहिला नव्हता.

आत्याने अर्धेकच्चे आंबे ओच्यात भरभरून बाहेर काढले, पेंढ्याची काडीन् काडी वेचली आणि समोर पाटावर बसली. "वाजवा आता," ती म्हणाली. आतोबा वाजवत राहिले आणि आत्या शेवटपर्यंत हलली नाही. गोवेकर डोळे पुसत म्हणाला, "उद्याच निघूया."

"जा हो. घराचं मी बघत्ये," आत्या म्हणाली.

आतोबांनी कोट काढून खुंटीला लावला. "मुंबईत लोक खायचे, प्यायचे, गप्पा मारायचे," ते गोवेकराला म्हणाले. "हात बांधून ऐकत बसलेलं माणूस मी आज पहिल्यांदा पाहिलं. तू जा बाबा."

आत्या पुन्हा कधी समोर बसली नाही. "ऐकलं ना एकदा," म्हणायची. पण ते वाजवू लागले की तिचा वरवंटा थांबायचा, आणि त्या घरात पानं वाढायला कायम उशीर व्हायचा. आम्ही भुकेने कळवळून आतोबांच्या नावाने बोटं मोडायचो.

आता आतोबा नाहीत. आत्याकडे जेवण अगदी वेळेवर होतं.