टाकीच्या तोंडातला बोळा

परवा पंपावर टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोलचा वास आला आणि मी राळेगावकडच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

बाबांची जुनी जीप तेव्हा सुरू व्हायची आणि रेस सोडली की बंद पडायची. गावात गाडी ती एकच. कापसाची ती वाईट वर्षं. फवारणीचं औषध प्यायलेल्या माणसाला मागच्या सीटवर घालून यवतमाळला न्यायला कोणत्या घरून हाक येईल, याचा नेम नव्हता.

"रेस दे वं बाई, पाय काढू नको," बाबा बॉनेटमागून स्टिअरिंगवर बसलेल्या मला म्हणाले. प्लग पुसून झाले, वायरी बघून झाल्या. शेवटी गाडी बंद करून त्यांनी कार्बोरेटर खोलला आणि त्याच्या बारीक भोकातून कापसाचा ओला धागा ओढून काढला. टाकीचं झाकण हरवलं तेव्हा आईनंच घरातल्या कापसाचा बोळा तिथं कोंबला होता. भाव वाढायची वाट पाहत घरात आढ्यापर्यंत कापूसच तर भरला होता.

"इथंही हाच," बाबा म्हणाले. हसले नाहीत.

मग गाडी एकसुरात चालू लागली. बाबा पायरीवर बसून ऐकत राहिले.

"बंद करा ना आता. कायले पेट्रोल जाळून राह्यले?" आई म्हणाली.

"राहू दे थोडी. रिकामी चालून राह्यली, हे पाहू दे मले."

मला तेव्हा वाटलं, दुरुस्ती जमली म्हणून खूश आहेत.

परवा झाकण लावताना माझी नजर आपोआप मागच्या सीटवर गेली. रिकामी होती. मीही जरा वेळ पाहत राहिले.