पुठ्ठेकाकांचे सात गुरुवार

पुस्तकं बांधून देणाऱ्या त्या गृहस्थांना गल्लीत कुणी बाइंडर म्हणत नसे. लहानथोर सगळे पुठ्ठेकाकाच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडत असावं, कारण दुकानाच्या पाटीवर त्यांनी स्वतःच कंसात ते रंगवून घेतलं होतं. वय एकसष्ट, अंगकाठी सडपातळ, नखांत कायम वाळलेली खळ. बोलण्याचा मात्र भलताच सोस. कागदाचा विषय निघाला की गिऱ्हाइकाची सुटका नसे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मधे कापायचं यंत्र, मागे शिलाईची चौकट. त्या चौकटीपाशी काकू बसत आणि सुटे फर्मे, म्हणजे पानांच्या घड्या, दोऱ्यात ओवून पुस्तक शिवत. त्यांच्या पाठीमागे एक दार होतं, ते थेट कचऱ्याच्या डब्यांच्या बोळात उघडे. हे दार फारसं वापरात नव्हतं. पुढे त्याला फार काम पडलं.

काकांचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे देवाशी त्यांचं बोलणं. ते मोठ्यानं चाले, भर दुकानात, ब्रश हातात असताना. "बघ रे, कणा कसा बसलाय," असं ते म्हणाले की नव्या गिऱ्हाइकाला वाटे आपल्यालाच अरेतुरे करतायत. मागणं असं काही नसे. हवापाणी, पुठ्ठ्याचा घसरलेला दर्जा, गुडघा, झालंच तर शेजारच्या दुकानदाराचा रेडिओ, सगळं देवाच्या कानावर घालून ठेवायचं. संध्याकाळी जेवणाआधी घरी खिडकीजवळच्या खुर्चीत दहा मिनिटं बसत, तेव्हा मात्र गप्प. काकू म्हणत, "दिवसभर हे बोलतात, देव ऐकतो. संध्याकाळी त्याला बिचाऱ्याला जरा बोलू देतात."

अशा या काकांकडे एका गुरुवारी सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे त्याच रस्त्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्स. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, त्यामुळे चालणं अजूनही झपझप. त्यांनी पिशवीतून त्यांच्या आईचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. पानं सुटलेली, पाठ निखळलेली. "एवढं नीट बांधून द्या," त्या म्हणाल्या. "आईची हीच एक वस्तू राहिलीय माझ्याकडे." काका म्हणाले, पुढच्या गुरुवारी या, नवं करून देतो.

आता, जुन्या पुस्तकाच्या कडा कापायच्या नसतात. हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. उलट या विषयावर त्यांचं तासाभराचं प्रवचन तयार होतं. केस कापले तर वाढतात, कागद वाढत नाही, असं ते ज्याला त्याला ऐकवत. काकूंनी पुस्तक शिवून हातात देताना सांगितलंही होतं, "अहो, समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय हं." काका "हो हो" म्हणाले. लग्नाला छत्तीस वर्षं झालेला माणूस जसं "हो हो" म्हणतो, तसं.

कारण समोर वाचनालयाचे ग्रंथपाल उभे होते आणि काकांच्या कापाची तारीफ करत होते. तारीफ ऐकली की काका हवेत. "बघा आता," म्हणत त्यांनी हाताला लागलेलं पुस्तक पात्याखाली सरकवलं आणि तिन्ही बाजूंनी दोन दोन सूत, म्हणजे पाव पाव इंच, कागद उडवला. कड अशी गुळगुळीत झाली की ग्रंथपालांनी तीनदा बोट फिरवलं. ते खूश होऊन गेले. काका कातरण गोळा करायला खाली वाकले, आणि त्या चिंचोळ्या पट्ट्यांवर त्यांना अक्षरांची शेपटं दिसली.

त्यांनी पुस्तक उघडलं. प्रत्येक प्रार्थनेशेजारी सिस्टरच्या आईनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, कुणासाठी कधी काय मागितलं ते. "पोरीचा ताप उत", आणि पुढे काही नाही. "परीक्षेत पास हो", पुढे नाही. "आज मी रागावले तिच्याव", पुढे नाही. शंभरेक पानांवर एका बाईचं अख्खं आयुष्य दोन सुतांनी तोकडं झालं होतं. काका जमिनीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

खरं तर त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. साध्या हयगयीनं झालं असतं तरी चाललं असतं, हे तर मिरवण्यापायी झालं होतं, तेही स्वतःच्याच प्रवचनाविरुद्ध. त्यांनी सगळ्या पट्ट्या एका पाकिटात भरल्या, पुस्तक खालच्या खणात लपवलं आणि काकूंना सांगितलं, गोंद खराब निघालाय, नवा येईपर्यंत ते काम थांबलंय.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात रेडिओ लागला. शेजाऱ्याच्या रेडिओला नावं ठेवणाऱ्या काकांनी स्वतःच एक विकत आणला आणि आवाज वाढवून ठेवला. "बघ रे" बंद झालं. संध्याकाळची खुर्ची गुडघ्याला सोसेना, खिडकीतून वारा लागे, कधी डास चावत. दहा मिनिटांतली एक एक कमी होत शेवटी काका त्या खोलीत जायचेच बंद झाले. त्यांनी मनाशी हिशेब असा केला होता की आधी पुस्तक पूर्ववत करायचं आणि मग देवाला तोंड दाखवायचं. असं खरकट्या तोंडानं कसं जायचं त्याच्यासमोर? त्याला सगळं दिसतं, हे काका जन्मभर लोकांना सांगत आले होते. आता तेच आठवून त्यांना धडकी भरे.

मग रोज दुपारी शटर अर्धं ओढून ते भिंग आणि चिमटा घेऊन बसत आणि एकेक पट्टी पानाला जुळवून बघत. "उत" ला "रला" सापडायला चार दिवस लागले. चिकटवलं तर शाई पसरल्यासारखं पेन्सिलीचं अक्षर खळीत फरफटलं. पुन्हा हात लावायचं धाडस झालं नाही.

सिस्टर मात्र दर गुरुवारी चारच्या ठोक्याला हजर. झपझप पावलांचा आवाज आला की काका मागच्या दारानं पसार. डब्यांच्या बोळातून वाकून, पोस्टाला वळसा घालून ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसत आणि अर्ध्या तासानं चोरासारखे परतत. "काय म्हणाल्या?" असं काकूंना विचारत. "तुमची चौकशी करत होत्या," काकू सांगत.  चौकशी म्हणजे काय ते त्यांना चांगलं कळत होतं. त्यांचं जेवण कमी झालं, पँट ढगळ झाली, कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.  काकू दोऱ्याची गाठ जरा जास्तच जोरात ओढत.

सातव्या गुरुवारी चार वाजले, काका निसटले, बोळ ओलांडून धापा टाकत बाकापाशी पोचले, तर बाकावर सिस्टर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात.

"बसा," त्या म्हणाल्या. "धावत आलात, दम लागला असेल."

काका बसले. पळायला आता जागाच नव्हती. सवयीनं तोंडातून निघालं, "तो गोंद अजून आला नाही हो."

"सात आठवडे गोंद येतोय," सिस्टर म्हणाल्या. "एवढ्यात झाड लावून डिंक काढला असतात."

काकांना हसू आलं नाही. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. ते रोज खिशातच असे. मग त्यांनी सांगायला घेतलं. ग्रंथपालांचं सांगितलं, काकूंनी बजावलं होतं ते सांगितलं, स्वतःच्या मिरवण्याचं तर दोनदा सांगितलं.  

"मला माहीत आहे," सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गुरुवारीच कळलं. तुमच्या बायकोनं खालच्या खणात पुस्तक बघितलं होतं, तिनंच सांगितलं. तिला खोटं बोलता येत नाही, म्हणाली, आणि तुम्हाला खरं सांगता येईना."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "रागावला नाहीत?"

"रागावले की. घरी जाऊन रडलेसुद्धा. आईचं अक्षर होतं ते." सिस्टरनी पिशवीचे बंद सारखे केले. "अजूनही वाईट वाटतं. वाटायचंच."

"मग दर गुरुवारी कशाला येत होता? मला वाटलं, जाब विचारायला."

"तुम्हाला बघायला," सिस्टर म्हणाल्या. "माणूस खालावत चालला की मला लांबून कळतं. मागच्या दाराच्या फटीतून तुम्ही डब्यांमधून पळताना दिसायचात, दर वेळी आधीपेक्षा बारीक. तुमची बायको आणि मी चहा घेत बसायचो आणि म्हणायचो, आज तरी येतील पुढच्या दारानं. पुस्तक कुठे पळून चाललं होतं का?"

 काका चाचरत म्हणाले, "मी ते नीट करणार होतो. नीट झालं की येणार होतो तुमच्याकडे."

"ते नीट होणार नाही, काका. तुम्हालाही माहीत आहे, मलाही." त्यांनी पाकीट हळूच काकांच्या हातातून घेतलं आणि पिशवीत ठेवलं. "ते नीट होईपर्यंत थांबला असतात, तर मी येतच राहिले असते आणि तुम्ही पळतच."

दोघं परत निघाले ते पुढच्या रस्त्यानं. सिस्टरनी पुस्तक घेतलं. कापलेलं, एका पानावर फरफटलेलं, जसं होतं तसं. काकूंनी तिघांसाठी चहा ओतला. काकांनी तो मान खाली घालून प्यायला.

संध्याकाळी काका घरी आले, चपला काढल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीच्या खोलीच्या दारात थबकले. सात आठवडे त्यांनी धरून ठेवलं होतं की आत कुणीतरी जाब विचारायला बसलंय. आता वाटलं, देवही आपला रोज नुसता बघायलाच येत असेल, आणि आपण रेडिओ लावून बसलो. या विचारानं त्यांना जितकी लाज वाटली, तितकी पुस्तक कापताना वाटली नव्हती. पण ही लाज वेगळी होती. हिनं पाय मागे जात नव्हते.

ते खुर्चीत जाऊन बसले. पुस्तक नीट झालेलं नव्हतं, काकाही झालेले नव्हते. गप्प बसायची ती वेळ, पण काकांनी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. त्याला सगळं ठाऊक आहे हे माहीत असूनही पहिल्यापासून सांगायला घेतलं, एकही गोष्ट न गाळता, डोळे पुसत, नाक ओढत, मधेच स्वतःला शिव्या घालत. काकूंनी स्वयंपाकघरातून जेवायला तिसरी हाक मारली, तेव्हा ते अजून ग्रंथपालांपर्यंतच पोचले होते. काकूंनी ताटं झाकून ठेवली आणि चौथी हाक मारली नाही.