सगळ्यांना पुरणारी सतरंजी

नाना तोंडावर बोट ठेवायचे ते मुलांसाठी नव्हे. मुलं मध्येच बोलली तर त्यांना उलट आवडायचं. ते बोट असायचं दारात उभ्या असलेल्या आयांसाठी. गोष्ट संपली की एखादी आई आत डोकावून "मग यातून आपण काय शिकलो?" असं विचारणार, हे त्यांना ठाऊक असायचं. तिने तोंड उघडायच्या आतच नाना डोळे वटारायचे.

"तात्पर्य सांगानं नही."

पोराच्या जिभेवर गूळ ठेवायचा आणि वर गूळ गोड असतो म्हणून समजावत बसायचं, यात पोराचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. असा एखादा हट्टी मास्तर तुमच्याही माहितीत असेल.

ते धरणगावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. मी जळगावला चित्रकला शिकवतो. लहान मुलांसाठी नाना जादूच्या गोष्टी लिहायचे, मी चित्रं काढायचो आणि जळगावातला एक छापखाना त्यांची पुस्तकं छापायचा. कोणी तहानलेल्याला पाणी पाजलं की गोड होणारी विहीर, रडणाऱ्याजवळ गेलं की आपोआप उजळणारा कंदील, अशा त्या गोष्टी. कोणीतरी कोणावर तरी माया करायचं आणि मग जादू व्हायची.

चित्रांवरून आमची जुंपायची. एकदा मी हसरी म्हैस काढली, तर म्हैस अशी हसत नाही म्हणाले. मग कशी हसते, असं विचारल्यावर त्यांनी स्वतः हसून दाखवलं. मी ते जसंच्या तसं उतरवलं. पुस्तक निघालं तेव्हा गावभर झालं की म्हैस नानांवर गेली आहे. त्यानंतर बरेच दिवस ते माझा फोन उचलत नव्हते.

त्यांच्या घराची पुढची खोली रोज संध्याकाळी मुलांसाठी उघडी असायची. कॉलनीतली पोरं तर यायचीच. दिवाळीनंतर गावातली कापसाची जिनिंग सुरू झाली, तशी तिथे कामाला आलेल्या सातपुड्याकडच्या कुटुंबांची पोरंही यायला लागली. त्यांची बोली नानांना येत नव्हती आणि नानांची त्यांना. पण चित्रं कळायची. माझी चित्रं इतकी डोळे फाडून कोणीच कधी पाहिली नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे.

मग कॉलनीच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. एक दिवस तिथल्या एक ताई नानांकडे आल्या. नानांच्याच हाताखाली शिकलेल्या, त्यांच्याच गोष्टी ऐकून वाढलेल्या. त्या पोरांच्या केसांत लिखा आहेत, आमच्या पोरांच्या डोक्यात उवा होतील, असं त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं. नानांनी जवळच्या एका मुलीच्या केसांतला पांढरा कण चिमटीत धरून ताईंच्या तळहातावर ठेवला. तो कापूस होता. पोरं दिवसभर सरकीच्या ढिगाजवळ खेळत असत, केसांत दुसरं काय अडकणार? ताईंनी हात झटकला.

"तरी पण नाना, त्यांना वेगळ्या वेळेला बोलवा ना."

दुसरा कोणी भांडला असता. नानांनी गोष्ट लिहिली. गोष्टीने माणूस बदलतो यावर या माणसाचा भाबडा विश्वास होता, आणि त्या दिवसांत माझाही होता. गोष्टीत एक जादूची सतरंजी होती. ससा बसला, कोल्हा बसला, काटेरी साळिंदर आलं, चिखलाने भरलेलं डुक्कर आलं. प्रत्येक जण थोडा सरकायचा आणि सरकलं की सतरंजी तेवढीच वाढायची. मी तिच्यासाठी जीव ओतून चित्रं काढली.

पुस्तक आल्यावर नानांनी सगळ्या आईवडिलांना बोलावून ते वाचून दाखवलं. लोक हेलावले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं पाणी होतं. शेवटी कोणीतरी तात्पर्य विचारलं, तेव्हा नानांनी हसत तोंडावर बोट ठेवलं.

दोन दिवसांनी कॉलनीने वर्गणी काढून नवी कोरी सतरंजी आणली, सोबत बिस्किटांचे पुडे. ताईंनी स्वतःच्या हाताने ती दाराजवळच्या कोपऱ्यात अंथरली आणि जिनिंगच्या पोरांना प्रेमाने तिच्यावर बसवलं. नानांना शाल दिली. "तुमच्या गोष्टीने आमचे डोळे उघडले," असं म्हणून त्यांच्या पाया पडल्या.

त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. सगळे गेल्यावर नाना शाल मांडीवर घेऊन बसून राहिले.

"तात्पर्य छापाले जोयजे व्हतं," एवढंच म्हणाले. तात्पर्य छापायला हवं होतं, हे नाना म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खोली उघडली नाही. जिनिंगची पोरं काही दिवस बंद दारापाशी येऊन उभी राहायची, असं शेजारी सांगत. पुढे नाना मुलीकडे धुळ्याला गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची नात तेच पुस्तक घेऊन आली आणि वाचा म्हणून हट्ट करू लागली. नानांनी ते मिटून बाजूला ठेवलं आणि तिला दुसरी गोष्ट आणायला सांगितलं.

"हाई खोटी शे. दुसरी लई ये."

ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना जादू खरी आहे असं सांगितलं, त्याच्या तोंडून मी हे ऐकलं.

नाना गेले ते धुळ्यालाच. शोकसभा मात्र कॉलनीने त्यांच्या त्या खोलीत ठेवली. गर्दी बरीच होती. आतल्या सतरंजीवर माणसं दाटीवाटीने बसली होती, काही भिंतीला टेकून उभी होती. दाराजवळ ती दुसरी सतरंजीही अंथरलेली होती, धुऊन, स्वच्छ. तिच्यावर कोणी नव्हतं. जिनिंगवरून कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांना कळवलंच नव्हतं. ताई पुढे उभ्या राहून सतरंजीची गोष्ट वाचत होत्या आणि वाचताना त्यांचा गळा भरून येत होता.

तेवढ्यात एक म्हातारे आबा काठी टेकत आले आणि समोर दिसली म्हणून त्या रिकाम्या सतरंजीवर बसायला वाकले. ताईंनी वाचणं थांबवलं.

"आबा, तिथे नका बसू. इकडे या."

मग आतल्या सतरंजीवरचे सगळे थोडेथोडे सरकले. आणि खरोखर, आबांपुरती जागा झाली.