दीदींनी राखून ठेवलेलं पान

हिंदी मुलखातलं ते राज्य नवं होतं, तेव्हा तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात पेन्शनचं सॉफ्टवेअर बनायचं. ते लिहायचो मी, तपासायच्या दीदी. मुद्दाम चुकीचं टाईप करायच्या आणि गालात हसायच्या.

कोणत्या चाचण्या यापुढे आपोआप चालवायच्या, हे ठरवायला आम्ही दोघं बसलो. आकडेमोडीची सगळी तपासणी त्यांनी खुशाल मशीनला देऊन टाकली. अर्जाचं पान मात्र दिलं नाही.

"हे काहून ठेवून राहिल्या, दीदी?"

"मशीन घाबरत नाही न रे."

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या वडिलांना घेऊन आल्या. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. अर्ज भरताना पहिल्याच चुकीला लाल अक्षरांत 'अमान्य' उमटलं, तसे ते खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"माह्यानं बिघडलं का वं?"

दीदींनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. मग माझा कीबोर्ड ओढून 'अमान्य' पुसलं आणि लिहिलं, 'कुछ नहीं बिगड़ा, फिर से लिखिए.'

ते ऑफिस आता नाही. दीदी कुठे असतात, तेही ठाऊक नाही. मी मात्र चूक झाल्यावर दिसणाऱ्या सूचना अजून तशाच लिहितो.