आतल्या खोलीतलं लेकरू

कोंडाबाई गेल्याचं मला कचेरीतच कळलं. लोहाऱ्याकडून आलेला एक माणूस लेकराला देवी टोचून घेता घेता सहज म्हणाला, "आमची सुईण गेली की सायेब, पंधरा दिस झाले." मी हातातली वही मिटली आणि उगाच पुन्हा उघडली. आता त्यालाही महिना उलटलाय. बाईंबद्दल लिहायला बसलो की आधी त्यांचा चेहरा डोळ्यांपुढं येत नाही, माझाच येतो... अठ्ठावीस वर्षांचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला, शहाणपण नुसतं उतू चाललेला.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. देवी टोचायला चार हंगामी माणसं भरायची होती आणि निवड माझ्याकडं होती. लिहिता-वाचता यावं, चालायची तयारी असावी, एवढीच अट. मी चार पोरं घेतली. धाराशिवात ज्या वसतिगृहात मी शिकलो तिथलीच चौघं. माझ्यासारखी मॅट्रिक, माझ्यासारखं वळणदार अक्षर, हसायचीसुद्धा मी हसलो की. कोंडाबाई त्याच दिवशी अर्ज घेऊन आल्या होत्या, प्रौढांच्या वर्गात गिरवलेल्या अक्षरात स्वतःच्या हातानं लिहिलेला. पन्नाशीच्या, गावकुसाबाहेर राहणाऱ्या. अडलेल्या बाळंतिणीच्या खोलीत गाव त्यांना हाताला धरून नेत असे. मी मात्र त्यांना कचेरीच्या दाराबाहेर उभं ठेवलं आणि आईच्या वयाच्या बाईला एकेरीत सांगितलं, की हे पायपिटीचं काम तुला झेपायचं नाही. त्या रागावल्या नाहीत. बाकावरच्या चौघांना नीट न्याहाळून म्हणाल्या, "ही चार माणसं न्हाईत, सायेब. एकालाच चार डाव घेतलंय तुमी." पोरं हसली. मीही हसलो.

मोहीम झपाट्यानं उरकली. चौघांच्या वह्यांत गावोगाव एकच शेरा होता : 'कोणी बाकी नाही'. चौघांचं एकमत म्हणजे काम चोख, असा माझा समज. खरं तर चौघंही अंगणात उभी राहून घरात आणखी कोण आहे विचारत, ओसरीवरचा म्हातारा कोणी नाही म्हणे, आणि सभ्य घरातली ही पोरं माजघराकडं मानसुद्धा वळवत नसत. तान्ह्याला परक्याची दृष्ट लागू नये म्हणून आतल्या खोलीतच ठेवतात, हे त्यांच्या घरीही घडत असणार, माझ्या घरी तर घडतच होतं. पण ती बायकांची बाजू. आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नाही.

मग कोंडाबाई पुन्हा आल्या. शेजारच्या गावी लेकीच्या सासरी त्यांची तीन महिन्यांची नात टोचायची राहिली होती. सासरची माणसं त्यांचं ऐकत नव्हती. कचेरीतून कुणीतरी जावं, एवढंच त्यांचं मागणं. मी वही काढून शेरा दाखवला. चौघं म्हणतात कोणी राहिलं नाही, तू एकटी म्हणतेस राहिलं, मी कुणाचं धरू, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "लेकरू म्या माझ्या हातानं सोडवलंय, सायेब. ते हाय तिथं." मी बघतो म्हणालो... आणि बघितलं नाही. का, याला आजही माझ्याकडं धड कारण नाही. कंटाळा, थोडी घमेंड. त्या उन्हाळ्यात त्या गावात देवीची साथ आली. पोर जगली. तिचे दोन्ही डोळे गेले.

माफी मागायची म्हणून मी कोंडाबाईंच्या घरी गेलो आणि नोकरी देऊन आलो. माफीचा शब्द काही तोंडातून फुटला नाही. त्यांनी मुकाट्यानं पिशवी खांद्याला लावली आणि पुढची दहा वर्षं गावं पालथी घातली. ओसरीवर कुणाला विचारायच्या भानगडीतच पडायच्या नाहीत, थेट आत जायच्या. देवीला राग येईल म्हणून लेकरू लपवणाऱ्या सासवांना दटावायच्या, "देवीचा कोप न्हाय, रोग हाय ह्यो," आणि लेकरू कडेवर घेऊनच बाहेर यायच्या. त्यांचं पाहून मी पुढं तांड्यावरचा एक जण घेतला, विणकराच्या घरची एक विधवा बाई घेतली. एकाला जे दिसत नसे ते दुसऱ्याला दिसे. वरिष्ठ म्हणायचे, माणसं निवडावीत तर तुम्हीच. ती शाबासकी मी खाली मान घालून घेत आलो, नाकारली मात्र कधीच नाही.

परवा त्यांच्या घरी जाऊन आलो. नवऱ्यानं टाकल्यापासून लेक तिथंच असते. नात, कमल, दाराशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी नाव सांगितल्यावर तिनं टरफलं बाजूला सारून मला बसायला जागा केली. आजी तुमचं लई नाव काढायची, म्हणाली. मग तिनं विचारलं, "माझ्या डोळ्यांचं इचारलं की आजी म्हणायची, देवीचा कोप झाला हुता. खरंय का, सायेब?"

चुलीपाशी तिच्या आईचे हात थांबले. तिला सगळं ठाऊक होतं. दहा वर्षं घरोघर जे खोडून काढलं, तेच बाई स्वतःच्या घरात सांगत राहिल्या... माझं नाव सांगावं लागू नये म्हणून. पोर उत्तराची वाट बघत होती. आता तरी खरं बोलावं, असं वाटलं. तोंडही उघडलं.

"व्हय," मी म्हणालो.