मंजुषाच्या बॅटरीची साक्ष

कनेरगाव नाक्यापासून कोसभर आत आमचं गाव. भांडणात आम्ही कुणाला हार जात नाही. पण साहेबासमोर पुरावा ठेवायची वेळ आली की आमची जीभ टाळ्याला चिकटते. तो पुरावा ठेवला मंजुषानं, आणि तोही जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढून. म्हणून ही हकिकत सावकाश सांगतो.

मंजुषा द्वारकाबाईची सून. नवरा गेल्यापासून द्वारकाबाई पिठाची गिरणी एकटीनं चालवत आलेली. गेल्या हिवाळ्यात गिरणीची मोटर दोनदा जळाली. सकाळी बटण दाबलं की नुसती घुमायची, फिरायची नाही.

"तिसऱ्यांदा जळाली तर गिरणी मोडीत," द्वारकाबाई म्हणाली.

वायरमन जळबा यायचा तो दुपारी. मीटर लावायचा. "दोनशे पंचवीस! व्होल्टेज बराबर हाय, काकू. मोटरच म्हातारी झाली तुमची."

"मोटर न्हाई, तुझे डोळे म्हातारे झाले."

"सकाळीबी बल्ब लखलखून राहतो म्हणता ना? मंग?"

बल्ब लखलखायचा हे खरं. जुना पिवळा बल्ब व्होल्टेज पडलं की लालसर व्हायचा, मनातलं सांगून टाकायचा. हे नवे एलईडी उपाशीपोटीही हसत राहतात.

मंजुषाची तकलीफ वेगळीच होती. भावानं दिलेल्या, लिनक्स ही संगणकप्रणाली घातलेल्या लॅपटॉपवर ती गावाचे अर्ज भरायची. प्लग लावलेला असूनही तो सकाळी मान टाकायचा. हिंगोलीत बॅटरी बदलून आणली, तरी तेच. मग ती स्वतःच शोधायला बसली. बॅटरी किती भरली, चार्जिंग चालू की बंद, हे लिनक्स साध्या फायलींत लिहून ठेवतं. मंजुषानं चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. दर मिनिटाला त्या फायली वाचायच्या आणि घड्याळातल्या वेळेसकट यादीत उतरवायच्या. लॅपटॉप आठ दिवस प्लगला लावून ठेवला.

यादी बोलली. रोज सकाळी सहा-दहाला चार्जिंग बंद, नऊला पुन्हा चालू. प्लग तोच, बल्ब लखलखता, आणि बॅटरी उतरत चाललेली.

"आत्याबाई, सहाला शिवारातले पंप सुरू होतात. गावाची अन् शिवाराची डीपी, म्हंजे ट्रान्सफॉर्मर, एकच; मंग व्होल्टेज पार पडतं. चार्जरसुद्धा बसून जातो, तर तुमची मोटर कशी उठंल?"

"मंग जळबाला काहून दिसत न्हाई?"

"तो दुपारी येतो. तवा पंप बंद असतात."

यादीचे कागद घेऊन ती वीज कार्यालयात गेली. साहेब हसले. "बॅटरीवरून व्होल्टेज सांगता?"

"व्होल्टेज न्हाई सांगत, साहेब. टाइम सांगते. त्या टाइमाला मीटर घेऊन या."

साहेब आले. सहा-वीसला जळबानं गिरणीत मीटर लावलं. चौऱ्याण्णव. त्यानं मीटरला टिचकी मारली, पुन्हा लावलं. ब्याण्णव. वर बल्ब लखलखत होता.

"जळबा," द्वारकाबाई म्हणाली, "कोण रे म्हातारं झालं?"

साहेबांनी तिथंच उभ्यानं मंजुषाचे कागद मागून घेतले आणि अहवालाला जोडले. महिन्याभरात गावाला वेगळी डीपी आली. पहिल्या सकाळी शिवारातले सगळे पंप चालू असताना द्वारकाबाईनं बटण दाबलं. पट्टा सळसळला, जातं गरगरलं, आणि ज्वारीचं ऊन पीठ डब्यात पडू लागलं. तिनं पहिली चिमूट सुनेच्या तळहातावर ठेवली.

दारात जळबा डबा घेऊन उभा होता.

"मागं थांब, बाबा," द्वारकाबाई म्हणाली. "तुझ्याआधी सात डबे हायेत."