कानाझावाचा बांगडा

शारजात मी पंधरा वर्षं मालवणी जेवणाचे डबे देतेय. कल्ला उचलून आतला लाल रंग बघितल्याशिवाय मी मासा घेत नाही, मग समोर कोणीही असो. जपानच्या सहलीत तोक्यो, क्योतो करत आम्ही कानाझावाला पोचलो. तिथल्या मच्छीबाजारात बर्फावर मांडलेले बांगडे दिसले आणि माझा हात गेलाच.

"मम्मा, डोन्ट टच!" बारा वर्षांची लेक ओरडली. तिथे मालाला हात लावायचा नसतो म्हणे. दुकानातले आजोबा हातवारे करत धावत आले. लेक लाजून दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली, जणू मी तिची कोणीच नव्हे. मीही हट्टी. कल्ला तपकिरी पडला होता, तो तसाच उघडून मी आजोबांना दाखवला आणि नाही म्हणून मान हलवली.

आजोबांनी वाकून बघितलं. ते आत गेले, दुसरा बांगडा घेऊन आले आणि स्वतःच कल्ला उघडून माझ्यापुढे धरला. लालभडक! तो त्यांनी तिथेच नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर भाजून दिला. ना तिखट, ना कोकम, तरी आम्ही काटे चोखून खाल्ला. निघताना आजोबा कमरेतून वाकले, ते माझ्याकडे बघून.

परवा शारजाच्या मच्छीबाजारात मी पिशवी उघडेपर्यंत लेकीने सुरमईचा कल्ला उचललाही होता.

"खलास भाई," ती मासेवाल्याला म्हणाली, "ये नहीं चलेगा. दूसरा दिखाओ."